नदीवर चोरलेला फोटो

देवळीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत रूपरावांनी काढलेला एकही फोटो नाही असं घर शोधूनही सापडलं नसतं. लग्नातली घाबरलेली नवरी, पाळण्यातलं पहिलं पोर, नव्या बैलजोडीचा कासरा धरून ताठ उभा राहिलेला धनी, सगळे कधी ना कधी रूपरावांच्या कॅमेऱ्यापुढे श्वास रोखून बसलेले होते. 'रूप फोटो स्टुडिओ' म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरची एक लांबट खोली, तिच्यामागे अंधारखोली आणि अंधारखोलीच्या मागे नवराबायकोचं बिऱ्हाड. दुकानाच्या भिंतीला रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं आणि तळ्यात राजहंस. रंगवणाऱ्या पेंटरनं हंस कधी पाहिला नसावा, कारण ती बदकंच जास्त वाटत. गिऱ्हाइकाला पडद्यापुढे बसवताना रूपराव म्हणत, "बापा, मांगं पाहू नोको, हासशीन."

गावभर फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटो मात्र घरात नव्हता. लग्नानंतर दोघांनी वर्ध्याला जाऊन जोडीनं एक काढून घेतला होता. तो पुढं ट्रंकेत वाळवीनं खाल्ला, आणि खाल्ला तोही नवऱ्याच्या बाजूनं. देवकाबाई कपाळावरच्या कुंकवासकट शाबूत राहिल्या.

"वाळवीलेही तुमीच गोड लागले," असं त्या नवऱ्याला चिडवत आणि मग पिच्छा पुरवत. "आतातरी एक काढा. कॅमेरा लावून द्या अन् बसा पडद्यापुढं. बटन मी दाबीन."

"काढू की," रूपराव म्हणत. "मी काय पळून चाललो?"

वीस-बावीस वर्षं हे एकच उत्तर. माणूस सहज बोलून जातो आणि मागं राहणाऱ्याला ते बोलणं जन्मभर पुरतं.

स्वतःच्या फोटोला ज्याला सवड नाही, त्याला पाखरांसाठी मात्र सवडच सवड होती. परसातल्या कडुनिंबावरचा बुलबुल, कपडे वाळत घालायच्या तारेला इवलंसं घरटं लोंबकळत ठेवणारा शिंजीर, पन्हाळीवर येऊन बसणारं कुठलंही उपरं पाखरू, रूपराव हातातलं काम टाकून त्याच्यामागं. दुकानात तिरप्या टांगलेल्या फोटोंमागं चिमण्यांनी संसार थाटले होते आणि ते हलवायची देवकाबाईंना सक्त मनाई होती. दिवाळीला सगळं घर झाडून निघे, फोटोंमागचा काडीकचरा तेवढा तसाच राही.

"अवो, गिऱ्हाइकाच्या डोक्शावर गवत पडून राह्यलं!"

"पडू दे. अक्षता समजन थो."

दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख करायचं तेवढं करून झालं होतं आणि आता चिमण्यांवरून भांडण्यात दिवस बरा जात असे.

गावातले लोक याला खूळ म्हणत. त्यामागचं कारण फक्त देवकाबाईंना ठाऊक होतं. त्या काळी खेड्यापाड्यांत कित्येक माणसं जन्मभर फोटोवाचून राहत आणि मेल्यावर घरच्यांना त्याची आठवण होई. मग घाईघाईनं कुणीतरी सायकल मारत रूपरावांकडे येई. तिकडं अंगणात मयताला भिंतीशी टेकवून बसवलेलं असे, डोक्याला फेटा, दोन्ही अंगांना रडून सुजलेली माणसं. रूपराव फोटो काढत. पण मिटल्या डोळ्यांचा बाप भिंतीवर कुणाला नको असतो. म्हणून घरी येऊन ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं डोळे उघडत. बुबुळ काढत आणि बुबुळात उजेडाचा ठिपका ठेवत. त्या कामात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता आणि त्या कामाइतका वीटही त्यांना दुसऱ्या कशाचा नव्हता. तसे डोळे काढले त्या दिवशी ते जेवत नसत.

"किती लोकाईचे डोळे उघडले मी, देवका," एकदा ते म्हणाले होते, "पन एकानंही माह्याकडे पाह्यलं नाई."

असं झालं की दुसऱ्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून ते पाखरांकडे जात. पाखराच्या डोळ्यातला ठिपका काढावा लागत नाही, तो असतोच. परत आल्यावर एकदा त्यांनी बायकोकडून वचन घेतलं. "मी गेलो तं माहा तसा फोटो कोनाले काढू देऊ नोको. पेन्सिलीचे डोळे नाई पाह्यजेत मले." देवकाबाईंनी 'असं अभद्र बोलू नये' म्हणून रागावत का होईना, पण वचन दिलं.

पाखरांत त्यांचं सर्वांत लाडकं पाखरू राहायचं वर्धा नदीवर. उन्हाळ्याच्या तोंडाला पात्र आटतं आणि मधे रेतीचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. काठाकडच्या रेतीत डांगरवाडीवाल्यांचे टरबूज-खरबुजांचे वेल, आणि त्याच्यापलीकडं, जिथं सहसा कुणी जात नाही, तिथं रेतीतल्याच एखाद्या खळग्यात त्या पाखराची अंडी. करडं-पांढरं अंग, पिवळी चोच आणि डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा रंग. पुस्तकात त्याला नदीसुरय म्हणतात. रूपराव 'टोपीवाला' म्हणत. अंड्यांजवळ कुणी गेलं की टोपीवाला वरून झेप घेऊन डोक्यात चोच मारायला कमी करत नसे.

रूपरावांचा कॅमेरा दोन भिंगांचा, छातीशी धरून वरच्या काचेत वाकून बघायचा. लांबचं जवळ आणणारं भिंग त्याला नव्हतं. म्हणजे पाखराच्या अगदी पुढ्यात जाऊन बसणं आलं. त्यासाठी ते चार काठ्या रोवून त्यांवर गोणपाट टाकत आणि आत दडून बसत. पण माणूस गोणपाटात शिरलेला पाखराला दिसे, आणि मग काही केल्या ते अंड्यांवर उतरत नसे. त्यावर रूपरावांनी तोड काढली होती. पाखराला मोजता येत नाही. दोघांनी मिळून आत शिरायचं आणि थोड्या वेळानं एकानं उठून, पाखराला चांगलं दिसेल असं, रेतीतून लांब चालत जायचं. पाखराला वाटतं, गेलं एकदाचं माणूस, आणि ते निवांत येऊन बसतं.

तेव्हा देवकाबाईंचं काम काय, तर नवऱ्याला गोणपाटात सोडून निघून जाणं. इतकी वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं. डांगरवाडीतल्या बाया त्यांना एकटं चालत येताना पाहून हसत आणि विचारत, "काऊन वं माय, आज पुन्हा भांडन झालं काय?"

१९७९ साली होळी उलटून गेल्यावर दोघं असेच नदीवर गेले. रूपरावांच्या छातीनं त्या हिवाळ्यापासून त्रास द्यायला सुरुवात केली होती. सायकल मारताना ते दोनदा उतरून चालले. गोणपाटाखाली उकिडवं बसल्यावर तर त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की नदीवरची सगळी पाखरं उठली. ते बाहेर आले, रेतीत बसून राहिले, आणि मग म्हणाले, "आज तू बस आत. मी जातो दूर."

"मले जमन काय?"

"काऊन नाई जमन? इतके वर्ष पाहून राह्यली. मी दूर गेलो का पाखरू अंड्यावर येईन, बसन, पंख मिटन. मंग दाबजो. घाई करू नोको. मी हात वर केला तं समजजो, अजून थांब."

दोघं मिळून आत शिरले. थोड्या वेळानं रूपराव उठून चालू लागले. देवकाबाईंनी वाकून काचेत पाहिलं. त्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं. रूपराव एकीकडे चालले होते आणि काचेत दुसरीकडेच जात होते. पायजमा, बाह्या दुमडलेला सदरा, उन्हात खाली घातलेली मान. फार लांब गेले नव्हते तोच दम घ्यायला थांबले. मागं वळले. टोपीवाला अजून अंड्यांवर घिरट्या घालत होता, उतरायचं की नाही या विचारात. रूपरावांनी पाखराकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे पाहिलं, आणि लांब करून हात वर केला. पंजा उघडा. थांब.

तळहाताएवढ्या काचेत अख्खा माणूस मावला होता. हसत होता थोडा. वर केलेल्या हाताची करंगळी वाकडी दिसत होती. त्या करंगळीची गोष्ट फक्त देवकाबाईंना सांगितलेली होती. लहानपणी ज्वारी कापताना धाकट्या भावाचा, बाबारावांचा, विळा रूपरावांच्या हातावर बसला होता. बाप मारकुटा. रूपरावांनी बापाला सांगितलं, माझ्याच हातानं कापलं. बोट वाकडं जुळलं ते तसंच राहिलं, आणि ते कुणाच्या विळ्यानं, हे त्यांनी बायकोखेरीज कुणालाच सांगितलं नाही.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा रूपराव काचेच्या त्या बाजूला उभे होते. देवकाबाईंनी मनाशी म्हटलं, आता सापडले. आणि थांब म्हणणाऱ्या नवऱ्याचं न ऐकता त्यांनी बटण दाबलं.

मग कळ फिरवून त्या शहाण्यासारख्या बसून राहिल्या. पाखरू उतरलं, पंख मिटले, तेव्हा सांगितल्याप्रमाणे त्याचेही फोटो काढले. परत येताना सायकलवर मागं बसून त्या एकट्याच हसत होत्या.

"काऊन हासून राह्यली?"

"रोल धुवान तवा दिसन."

"काही घोळ केला वाट्टे."

"केला."

रूपरावांनी आणखी खोदून विचारलं नाही. रोलमध्ये दोन फोटो शिल्लक होते आणि रोल पुरता झाल्याशिवाय कॅमेऱ्यातून काढायचा नाही ही त्यांची रीत. उरलेले दोन कडुनिंबावरच्या बुलबुलासाठी ठेवू, असं ठरलं.

गुढीपाडवा झाला. एका सकाळी रूपराव कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून, कॅमेरा मांडीवर घेऊन, बुलबुलाची वाट पाहत बसले. देवकाबाई चहा घेऊन गेल्या. पाखरासाठी बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा त्या घरातला नियम होता. त्यांनी कप हळूच शेजारी ठेवला आणि पाय न वाजवता परतल्या. भांडी घासली. पाणी भरलं. पुन्हा डोकावल्या तर चहावर साय धरलेली आणि बुलबुल रूपरावांच्या पायांशी येऊन किडे टिपत होता. इतक्या जवळ तो कधी येत नसे. देवकाबाईंना वाटलं, आता काढतील, आता काढतील. बुलबुल उडून गेला तरी रूपरावांचा हात हलला नाही, तेव्हा त्या नियम मोडून पळत गेल्या.

घर माणसांनी भरलं. वडनेरहून बाबाराव आले ते अंगणातूनच ओरडत आले. शेतात राबून रापलेला, मितभाषी माणूस, पण भावाच्या पायांवर डोकं ठेवून लेकरासारखा रडला. अग्नी त्यांनाच द्यायचा होता. तयारी चालू असताना शेजारच्या प्रमिलाबाई देवकाबाईंजवळ येऊन बसल्या.

"देवका, पुलगावचा फोटोवाला बोलावू काय? अजून येळ हाय. आपल्या इथं तं दुसरा कोनी नाई."

"नोको."

"अवं, फोटो तं लागनच ना? तेरवीले हार कायले घालशीन?"

बाबारावही म्हणाले, "वहिनी, एक राहू द्या. दादानं साऱ्या गावाचे काढले."

"फोटो हाय," देवकाबाई म्हणाल्या. "जित्या मानसाचा हाय. मीच काढला." आणि कॅमेरा उचलून त्यांनी कोनाड्यात ठेवला.

त्या असं म्हणाल्या नसत्या, तर फोटोवाला आला असता. त्यानं भिंतीशी टेकवून रूपरावांचा फोटो काढला असता आणि कुणीतरी पेन्सिलीनं त्यांचे डोळे उघडले असते. देवकाबाईंनी वचन पाळलं, आणि पाळता आलं ते त्या एका रोलच्या भरवशावर. तिरडी उठली तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे फार वेळ पाहिलंही नाही. हा नको लक्षात राहायला, असं त्यांना वाटलं. आपल्याजवळ हसरा आहे.

सुतकाचे दिवस त्यांनी कोपऱ्यात बसून काढले. दुकानाला कुलूप. बाया येत, गळ्यात पडून रडत, जात. देवकाबाईही रडत, पण आत कुठंतरी एक आधार होता. कोनाड्यात नवरा आहे. दसवं झालं की अंधारखोली उघडू, आपल्या हातानं रोल धुवू, मोठा फोटो करू. एवढा मोठा, की येणारा दारातूनच ओळखेल. नदीवर केलेल्या चोरीचं त्यांना आता स्वतःचंच कौतुक वाटे. कॅमेऱ्याला हात लावू नका, एवढं एक वाक्य घरातल्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. फोटोवाल्याच्या घरात ते कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

दसव्याला पुरुषमाणसं पिंडदानाला गेली. इकडं बायांनी घर धुतलं, सारवलं, अंथरुणं-पांघरुणं उन्हात टाकली. दुपारी देवकाबाई न्हाऊन बाहेर आल्या. अंगणात कडक ऊन होतं. बाबाराव मुंडण केलेलं डोकं घेऊन पाटापुढे बसले होते. पाटावर कॅमेरा. कॅमेऱ्याला हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल.

"वहिनी, कावळा लगेच शिवला," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा मोकळा होता. "एवढे पाखरं जपले दादानं, कावळा थांबन कसा? म्हनलं सारं घर धुऊन झालं, दादाचं हत्यार तेवढं राह्यलं. दसऱ्याले थो जसा पुसे ना, तसंच आतून-बाहेरून पुसलं अन् पूजा केली."

दरवर्षी दसऱ्याला बाबाराव वडनेरहून सोनं द्यायला येत. तिकडं नांगर-वखराची पूजा होई, इथं कॅमेऱ्याची. रूपराव पाटावर बसून कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडत, मलमलीच्या फडक्यानं आतला कोपरान् कोपरा पुसत आणि मग हळदकुंकू लावत. आदल्या दिवशीच ते रोल पुरता करून काढून ठेवत, हे बाबारावांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी पाहिला होता तो नेहमी रिकामाच कॅमेरा.

देवकाबाई खाली बसल्या.

"मांगचं झाकन उघडलं होतं, भाऊजी?"

"उघडलं ना. आत कागद होता गुंडाळेल. थो उचलून खालून पुसलं, भल्ली धूळ होती. मंग होता तसा बसवला."

"इथंच? उन्हात?"

"उजेडातच तं दिसते ना, वहिनी."

गुंडाळलेला तो कागद म्हणजेच रोल होता, आणि न धुतलेल्या रोलला उजेड लागला की फोटो जळतात. मलमलीचं तेच फडकं घडी करून पाटाशी ठेवलेलं होतं. काळ्या मातीनं भेगाळलेली बोटं किती जपून त्या नाजूक यंत्रातून फिरली असतील, ते देवकाबाईंना दिसलं. ओरडावंसं वाटलं. तुम्ही माझा नवरा दुसऱ्यांदा जाळला, असं म्हणावंसं वाटलं. शब्द ओठापर्यंत आले होते. बाबाराव शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं त्यांच्याकडे पाहत होते.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. कॅमेरा उचलून त्यांनी पदराखाली घेतला आणि अंधारखोलीत जाऊन आतून कडी लावली.

रोल पूर्ण अंधारात धुवावा लागतो, लाल दिवासुद्धा चालत नाही. रूपराव दोन हातांत दोन टोकं धरून औषधाच्या थाळीतून रोल झोक्यासारखा खालीवर करत आणि देवकाबाई शेजारी उभं राहून घरची आरती म्हणत. अंधारात घड्याळ कुठून दिसणार? आरती ठरलेल्या वेळा म्हणून झाली की रोल उचलायचा. आज दोन्ही टोकं देवकाबाईंच्या हातात होती आणि आरतीही त्यांनाच म्हणायची होती. मधेच आवाज फुटला. कितवी आरती चालली हे विसरू नये म्हणून त्यांनी दात आवळून ती पुरी केली. त्या अंधारात त्यांनी देवाला काही मागितलं असेल तर एवढंच, की बाकी सगळी पाखरं घे, पण तो एक राहू दे.

शेवटचं औषध झाल्यावर दिवा लावून त्यांनी ओला रोल उजेडाकडे धरला. दोन्ही कडांनी ऊन आत शिरलं होतं. पाखरांचे फोटो होते, पण कुणाचं शेपूट गेलेलं, कुणाची अंडी. त्यांनी हवा असलेला फोटो शोधला. रूपराव उभे होते ती बाजू वरपासून खालपर्यंत काळी ठिक्कर होती. फिल्मवर काळं म्हणजे कागदावर पांढरं, हे त्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा कागद घेतला आणि फोटो करायला लाल दिव्याखाली उभ्या राहिल्या. थाळीत हळूहळू नदी आली. रेती आली. पंख पसरून खाली येणारा टोपीवाला आला. मग एक हात आला. उघडा पंजा, वाकडी करंगळी, मनगट, दुमडलेल्या बाहीपर्यंतचा हात. त्याच्यापुढे काहीच आलं नाही. देवकाबाई थाळी हलवत राहिल्या. हात काळपट पडू लागला तरी त्या थांबल्या नाहीत, की अजून येईल, चेहरा उशिरा येत असेल. कागद तिथं पांढराच राहिला.

तेव्हा त्या लाल उजेडात खाली बसून जे रडल्या, तसं नवरा गेला त्या दिवशीही रडल्या नव्हत्या. मेलेला तर मेलेला, मिटल्या डोळ्यांचा तर तसा, पण चेहरा हवा होता, असं त्यांना वाटलं. वचनाचा राग आला. तिरडीवर डोळे भरून पाहून घेतलं नाही याचा तर इतका राग आला की त्यांनी कपाळ बडवून घेतलं. टेबलावर रूपरावांची बारीक पेन्सिल पडली होती. ती त्यांनी उचलली आणि परत ठेवली. डोळे काढायलाही आधी चेहरा लागतो.

डोळे पुसून त्यांनी दुसरा कागद घेतला आणि या वेळी हात उमटताच थाळीतून काढला.

तेरवीला दुकानाचं कुलूप उघडलं. रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्ची, खुर्चीवर चौकटीतला फोटो, त्याला हार. खेड्यापाड्यांतून माणसं आली होती. पुढं येऊन हात जोडत, फोटोकडे बघत आणि एकमेकांकडे बघत. विचारलं ते प्रमिलाबाईंनीच, हळू आवाजात. "देवका, याच्यात मानूस कुठं हाय वं?"

बाबाराव पंगतीचं पाहून आत आले ते तेवढ्यात. त्यांनी फोटो अजून पाहिला नव्हता. जवळ गेले, वाकले. रेती पाहिली, पाखरू पाहिलं. मग त्यांचं बोट काचेवरून फिरत फिरत त्या हातापाशी आलं आणि करंगळीवर थांबलं.

"हे बोट," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माह्यानं कापलं होतं हे. बापानं लय इचारलं. दादानं माहं नाव नाई सांगतलं. आखरीपर्यंत नाई सांगतलं."

फोटोंमागं चिमण्यांची पिल्लं तेवढी ओरडत होती.

"पन वहिनी," बाबारावांनी वळून विचारलं, "बाकीचा दादा काऊन नाई आला याच्यात?"

देवकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते खुंट उगवू लागले होते. डोळे तेच, मोठ्या भावाच्या वळणाचे. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. काचेत हात वर केलेला होता, पंजा उघडा.

"मले कुठं येते फोटो काढता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माह्या हातून हुकला."

"असू द्या," बाबाराव म्हणाले. "हात तं आला."

काचेवर त्यांच्या बोटाचा डाग पडला होता. तो पुसायला त्यांनी धोतराचा सोगा घेतला, आणि दसव्याला कॅमेरा पुसला तशीच जपून, कोपऱ्याकोपऱ्यातून, सगळी काच पुसून काढली.